शून्य म्हणायच्या आधी

प्रयोगशाळेतल्या हाय व्होल्टेजच्या कपाटाला हात लावायचा तर आधी तिने घरच्या संगणकावरून ते बंद करायचं, पडद्यावर आकडा उतरला की फोनवर ‘शून्य’ म्हणायचं, मगच काकांनी स्क्रू काढायचे. काका म्हणजे तिथले जुने तंत्रज्ञ. विजेचा उरलासुरला दाब जमिनीत सोडायची अर्थिंगची काठी भिंतीला टांगलेली असायची, पण काका काठीला हात लावत नसत. “तू शून्य म्हटलंस की काठी कशाला? माझा तुझ्यावर भरवसा आहे.” त्या भरवशानंच तिची झोप उडायची.

आज मांडीवर लेकीचा नुकताच डोळा लागला होता. तिने तीन नंबरचं कपाट बंद केलं. शून्य.

“शून्य, काका,” ती हळूच म्हणाली.

“शून्य. घेतो खोलायला.” फोन स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हा आकडा नेहमी म्हातारा जिना उतरावा तसा दमादमाने यायचा. आज एकदम पडला होता. म्हणजे तीन नंबरवर काही जोडलेलंच नव्हतं!

“काका! कपाटांची अदलाबदल केलीत का तुम्ही?”

“पंखा बिघडला म्हणून खालचं वर लावलं मध्यंतरी,” लांबून आवाज आला. “का गं?”

अदलाबदल झाली आणि संगणकातली नावं तशीच राहिली! काका उघडत होते ते कपाट संगणकात पाच नंबर होतं, आणि चालू होतं.

“हात लावू नका!”

“तुझं आपलं नेहमीचंच,” काका हसले. स्क्रू फिरल्याची करकर ऐकू आली.

तिने ‘सगळं बंद’ दाबलं. प्रयोगशाळेच्या सरांची आठवडाभर तापत असलेली भट्टीही गेली, जाऊ दे. पडद्यावर पाच नंबरचा आकडा उतरू लागला. दोन हजार. अठराशे. किती सावकाश! “थांबा! थांबा हो!” ती किंचाळली, तशी लेक दचकून उठली आणि तिने असा टाहो फोडला की स्टुलावरचा फोनसुद्धा थरथरला असेल.

करकर थांबली.

“अगं, पोर का रडतेय एवढी? पडली की काय?” काकांनी फोन उचलला.

“काका, कपाट जिवंत आहे. मागे व्हा. भिंतीवरची काठी घ्या.” तिला स्वतःचा आवाज ओळखू येत नव्हता.

या वेळी ते हसले नाहीत. पावलं वाजली. मग कानठळ्या बसवणारा ‘तडाक’ आणि काहीच नाही.

“काका? काका, बोला ना!”

“आहे,” बऱ्याच वेळाने आवाज आला, अगदी कोरडा. “काठी टेकवली. झाकण निघालं होतं गं. हात आतच घालणार होतो.”

लेक हुंदके देत तिच्या गळ्याला बिलगली होती.

“पोरी, आता तरी शून्य म्हण.”

पडद्यावर शून्यच होतं.

“नाही म्हणत,” ती म्हणाली. “काठी पुन्हा लावा.”