उलटलेली तारीख

"मला दोन नंबरचीच खिडकी पाहिजे!"

"मग या की रांगेत! आम्ही काय इथे माशा मारतोय?"

दवाखान्याच्या इंजेक्शन विभागाला दोन खिडक्या. पुढच्या इंजेक्शनची तारीख संगणकातून काढायची आणि चिठ्ठीवर छापून द्यायची, एवढंच दोन्हीकडचं काम. तरी एक नंबरसमोर चिटपाखरू नाही आणि दोन नंबरसमोर ही झुंबड! कारण दोन नंबरला नवा संगणक बसला होता आणि तो म्हणे माणसांचं आयुष्य वाढवून देत होता.

हे सांगणारे काळकाका. मूळचे पेशंटच, पण बाकावर बसून बसून महाराज झालेले. कुणीही चिठ्ठी पुढे केली की डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचे. "आपल्याला घड्याळ दिसतं, यंत्राला काळ दिसतो, बरं का! तारीख पुढे ढकलली, म्हणजे आजार मागे हटला. तारीख मागे गेली, तर... असो. मी कोण सांगणारा? मी नुसता दुभाष्या."

दुभाष्या कसला! बोलबच्चन नुसता. पण माझी सख्खी ताई त्याच्या नादी लागली होती, म्हणून मला हसू येत नव्हतं.

ताईला रक्ताचा आजार. दर महिन्याला इंजेक्शन चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. फेब्रुवारीत तिला दोन नंबरची चिठ्ठी मिळाली. ०३/०५. "तीन मे! दोन महिने सुट्टी दिली बघ मला," म्हणत ती घरभर नाचली. मार्च अर्धा सरला आणि तिला जिना चढवेना. ओठ पांढरेफटक पडले. मी काही म्हटलं की तिचं एकच, "तुझं आपलं काहीतरीच. तू शाळेत गणित शिकव. यंत्राला जास्त कळतं."

शेवटी मी तिला ओढतच दवाखान्यात आणलं आणि एक नंबरच्या खिडकीत तिचं कार्ड दिलं.

"पाच मार्च," आतल्या बाई म्हणाल्या. "तारीख उलटलीय की हो हिची."

चिठ्ठीवर ०५/०३. मी ताईची जुनी चिठ्ठी शेजारी धरली. ०३/०५. तारीख उलटली होती खरी, दोन्ही अर्थांनी! माझं डोकंच फिरलं.

तशीच बाकाकडे गेले. "काका, वीस तारीखवाल्याला कधी आयुष्य वाढवून मिळालंय?"

"श्रद्धा पाहिजे, बाई."

"पंचवीसवाल्याला? अठरावाल्याला?"

रांगेतला एक गृहस्थ ओशाळून म्हणाला, "माझी वीस मार्च. मला नाही मिळालं बुवा. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल."

त्याच्या चिठ्ठीवर ०३/२० छापलं होतं. मी ती वर धरली. "विसावा महिना नसतो, म्हणून ही तुम्ही बरोबर वाचता. बारापर्यंतच्या तारखा वाचताना मात्र दिवसाचा महिना करता! हा संगणक महिना आधी छापतोय, बस्स."

कुणाला पटलं नाही. मग मी दवाखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी खिडकीत बसून संगणकाची तारखेची सेटिंग बदलली आणि ताईची चिठ्ठी पुन्हा छापली. ०३/०५.

टाळ्याच पडल्या! काळकाका उठून उभे राहिले. "पाहिलंत? माणसानं हात लावला तरी यंत्र बधत नाही!"

"बधेल कसं?" मॅडम वैतागल्या. "मी चुकीच्या ठिकाणी सांगितलं. हे बघा, तारखा साठवलेल्या आहेत मोठ्या सर्व्हरवर, आणि तिथे प्रत्येकाची एकच तारीख आहे. ती इथे आणून दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा. तो संगणकाचं ऐकत नाही, त्याची स्वतःची सेटिंग असते. नवं मशीन बसवताना ती बघायची राहून गेली." त्यांनी ती शोधून बदलली. तरीही ०३/०५! पुन्हा कुजबुज. "थांबा हो! ही सेटिंग तो सुरू होतानाच वाचतो." त्यांनी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला.

चिठ्ठी आली. ०५-मार्च. महिना अक्षरात.

"काका, तुमची चिठ्ठी दाखवा ना," मी म्हटलं. काकांचा हात खिशावर गेला. एक नंबरच्या बाई आतूनच म्हणाल्या, "त्यांना दर वेळी मीच देते की!"

काका चालते झाले. मला वाटलं होतं, आता लोक चिडतील त्यांच्यावर. चिडले माझ्यावर! एक आजी तर तोंडावर म्हणाल्या, "आमचे मिळालेले दिवस काढून घेतलेस गं."

ताईला त्याच दिवशी इंजेक्शन मिळालं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना चांगलंच झापलं. बाहेर आल्यावर ताईनं विचारलं, "मग माझे दोन महिने गेले?"

"गेले नाहीत गं. ते नव्हतेच." मला रडू आवरेना.

ती एकदम थांबली. "अगं, शिंपीकाका!"

शिंपीकाका रांगेत तिच्यापुढे असायचे. फेब्रुवारीतच त्यांच्या चिठ्ठीवर ०३/०२ आलं होतं. खरी तारीख दोन मार्च. वाचली गेली तीन फेब्रुवारी, म्हणजे होऊन गेलेली. काळकाकांनी मान हलवून "वेळ भरली" म्हटलं होतं. तेव्हापासून शिंपीकाका आलेच नव्हते.

आम्ही तशाच त्यांच्या घरी गेलो. बराच वेळ दार वाजवलं, तेव्हा उघडलं. भिंतीला धरून उभे होते, पायांवर सूज. मागे शिलाई मशीनवर चादर टाकलेली, गिऱ्हाइकांचे कपडे गठ्ठे बांधून ठेवलेले.

"कशाला आलात पोरींनो? माझी तारीख उलटून गेली."

"उलटून नाही गेली, काका," ताई म्हणाली. "उलटी छापली होती. चला, मी रिक्षा थांबवलीय."

शिंपीकाका म्हणाले, "एवढंच होतं? मग कुणी विचारलं का नाही?"

रांगेत शंभर माणसं होती आणि पाच हा दिवस की महिना, एवढंही खिडकीत कुणी विचारलं नाही. तुम्ही तरी विचारत जा. हसतील लोक, हसू द्या.