जेफरसन आणि पुढची लिफ्ट

सकाळपासून आप्पांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. संध्याकाळी सदाशिव पेठेत त्यांचं व्याख्यान होतं, विषय अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन. पण त्यांच्या पायाला भिंगरी लावली होती ती मथुराबाईंनी.

माझी आई गेल्यापासून मथुराबाई आमच्याकडे स्वयंपाक करतात. आमची सोसायटी वाघोलीत, घर नवव्या मजल्यावर. कामवाल्या बायकांनी मागचीच लिफ्ट वापरावी, ही पाटी लावली सोसायटीच्या चेअरमननी, म्हणजे आमच्याच आप्पांनी. ती मागची लिफ्ट पंधरवडाभर बंद होती. बाई जिन्यानं चढत होत्या. त्या दिवशी त्या दारातच बसल्या.

"सर, गुडघं न्हाई ऐकत आता. पुढच्या लिफ्टनं येऊ द्या, न्हाईतर दुसरी बाई बघा."

"नियम मीच केलाय, मीच कसा मोडू?" आप्पा म्हणाले.

मला संताप आला. याच माणसानं बाईंच्या आम्रपालीला जेवणाच्या टेबलावर शेजारी बसवून दहावीचं इंग्रजी फुकट शिकवलं. आज ती नर्स आहे. तिच्या आईशेजारी लिफ्टमध्ये उभं राहणं मात्र लोकांना नको होतं, आणि आप्पांना लोकांशी वाकडं नको होतं.

व्याख्यान रंगलं. सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिणारा जेफरसन, आणि शेकडो गुलाम बाळगणाराही तोच. गुलामगिरी वाईट हे त्यानं स्वतः लिहून ठेवलं, मुक्त मात्र मोजक्यांनाच केलं. "कळत होतं, पण वळत नव्हतं," आप्पा म्हणाले आणि सभागृह हसलं. मग त्याच्या घरातल्या फिरत्या दाराची गोष्ट आली. दाराला एका बाजूनं फळ्या. पलीकडून गुलामांनी ताटं ठेवायची आणि दार फिरवायचं. जेवण समोर हजर, आणणारी माणसं नजरेआड.

इथे आप्पा थांबले. पाणी प्यायले. पुढची पानं त्यांनी न वाचताच उलटली. टाळ्या पडल्या, पुण्यात वेळेआधी संपलेल्या व्याख्यानाला त्या पडतातच.

परतताना गाडीत ते सारखा चष्मा काढत होते, घालत होते. वाघोली जवळ आल्यावर म्हणाले, "निशा, करतो मी काहीतरी." मला वाटलं, पाटी उतरली. वेड्यासारखी खूश झाले मी.

दुसऱ्या दिवशी बाई धापा टाकत वर आल्या. आप्पा दारातच वाट बघत होते.

"मथुराबाई, असं करा. उद्यापासून सकाळी सहाला या. तेव्हा पुढच्या लिफ्टला कुणी नसतं. वॉचमनला मी सांगून ठेवतो."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आप्पांना मात्र खरंच वाटत होतं, आपण मोठं काही दिलं.

 बाईंनी पदराला बांधलेली आमच्या घराची किल्ली सोडली आणि आप्पांच्या हातात ठेवली.

"चोरून कशाला येऊ, सर? मी काय चोरी केलीया?"

"अहो, तसं नाही..."

त्या बाहेर पडल्या आणि पुढच्या लिफ्टसमोर उभ्या राहिल्या. ऑफिसला निघालेले शेजारी तिथे होतेच. लिफ्ट आली. आत शिरून बाई वळल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, आता मी कामाला न्हाई. पाव्हनी हाय. पाव्हन्यांना चालती न्हवं ही लिफ्ट?"

शेजारी आप्पांकडे बघायला लागले.

"चालते," आप्पा म्हणाले, पण इतकं हळू की फक्त मला ऐकू आलं. तोवर लिफ्ट खाली गेली होती.