श्रेयनामावलीतला हात

“तोच हात हवा, काका. दुसरा चालणार नाही,” दिग्दर्शक म्हणाला आणि खुर्चीवरचे काळे कापड बाजूला सारून ऐसपैस बसला. “मागच्या चित्रपटात खून किती झाले ते लोक विसरले, पण सुरुवातीचा, फोनशेजारचा तो हात कुणी विसरलं नाही. माझी सख्खी मावशी म्हणाली, नावं संपायच्या आतच मला घरी जावंसं वाटलं.”

“तो हात आता मिळायचा नाही,” काका म्हणाले.

“का? बाई दुसरीकडे गेल्या का कुठे? मी बोलतो त्यांच्याशी.”

स्वयंपाकघराच्या दारातून हसू ऐकू आले.

“बाई कुठं जातायत? बाई भाजी निवडतायत,” काकू दारात येऊन म्हणाल्या.

दिग्दर्शक उभाच राहिला. “काकू, तुम्ही?”

“मग काय! लग्न झाल्यापासून लोकांचे गळे दाबतेय. चेहरा कधी दिसला नाही म्हणून पोलीस फिरकले नाहीत, एवढंच.”

तो मनापासून हसला. काकूंचा उजवा हात स्वयंपाकघरातल्या फडक्यात गुंडाळलेला होता, हे त्याच्या ध्यानात आले नाही. काकांना मात्र फडक्याखेरीज दुसरे काही दिसत नव्हते.

“नंतर कळवतो,” ते म्हणाले.

रहस्यपटांच्या आरंभीची श्रेयनामावली तयार करणे हा काकांचा व्यवसाय होता. पूर्वी ते कुंचल्याने काळ्या काचेवर नावे लिहीत, आता संगणकावर मांडत. पण पद्धत बदलली नव्हती. नाव अंधारातून यावे लागते, आधी त्याची एक कडा आणि मग सारे नाव, असे ते म्हणत. दोन नावांमधला अंधार कमी पडला तर माणसे नुसती वाचत बसतात, जास्त झाला तर खोकू लागतात. त्या दोहोंच्या मधली एक जागा असते, जिथे माणूस आपल्या नकळत श्वास धरतो. ती जागा शोधण्यात काकांचे केस पिकले होते.

आणि त्या जागेत बहुधा एक हात असे. चेहरा दाखवला की प्रेक्षक त्याला ओळखू पाहतो, आणि ओळख झाली की भीती ओसरते. हाताचे तसे होत नाही. काडी पेटवणारा, पडद्याची कड किंचित सारणारा, कुलपात किल्ली घालून न फिरवताच थांबलेला तो हात दरवेळी काकूंचा असे. मागच्या खोलीची खिडकी झाकली की भर दुपारी घरात रात्र होई, आणि काकू पीठ मळता मळता हात धुऊन खून करायला येत. मुलगी लहान असताना शाळेत अभिमानाने सांगून आली होती, “माझी आई फार छान विष घालते.” बाईंनी दुसऱ्याच दिवशी काकांना बोलावून घेतले होते.

मागच्या चित्रपटासाठी त्यांना वाट पाहणारा हात हवा होता. टेबलावर जुना फोन, शेजारी पालथा ठेवलेला हात आणि बाजूने येणारा दिवा, एवढेच. कॅमेरा सुरू झाला आणि काही क्षणांनी काकूंचा अंगठा हलू लागला. तो तर्जनीवर फिरत राहिला, न दिसणारी एखादी गोळी वळत असावा तसा. मग सारा पंजा थरथरला. फोन वाजलेला नव्हता. तो वाजेल या धास्तीनेच जणू हात कापत होता.

“वा!” काका कॅमेऱ्यामागून जवळजवळ ओरडले. “हे कुठं शिकलीस गं?”

“सुचलं,” काकू म्हणाल्या होत्या.

त्यांनी काकूंना ते पुन्हा करायला लावले. मग आणखी जवळून, मग दिवा खाली घेऊन. दरवेळी हात तसाच थरथरला, आणि दरवेळी काका अधिक आनंदले.

चित्रपट लागला तेव्हा मुलगी पाहायला आली होती. पडद्यावर भिंतीएवढा हात कापू लागला तशी चित्रपटगृहातली कुजबुज थांबली. त्या शांततेचा काकांना फार अभिमान वाटला. मध्यंतरात मुलीने त्यांना कोपऱ्यात घेतले.

“बाबा, आईचा हात कधीपासून हलतोय?”

“अगं, तो अभिनय आहे!”

“काल ती वर्तमानपत्र वाचत होती ना, तेव्हाही हलत होता. तेव्हा कोण बघत होतं, बाबा?”

डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, गोळ्या दिल्या. बरे होण्याचा आजार नाही, सांभाळण्याचा आहे, असेही सांगितले. ज्याच्या डोळ्यांवर घर चालले, त्या माणसाने नेमके हेच कौतुकाने पाहिले होते.

दिग्दर्शक गेल्यावर काकूंनी विचारले, “हो म्हटलंत की नाही?”

“नाही म्हणणार आहे.”

“का?”

“का म्हणजे काय? तुझं दुखणं मी आता पडद्यावर…”

“मागच्या वेळी दाखवलंतच की.”

“तेव्हा मला ठाऊक नव्हतं गं.”

“मला होतं.” काकू फडक्याची घडी घालू लागल्या, ती जमेना, तशी त्यांनी ती सोडून दिली. “आजार म्हणून नव्हतं ठाऊक. पण मी हलवत नव्हते, एवढं कळत होतं. तुम्ही इतके खूश झालात, अहो. कितीतरी दिवसांनी. म्हटलं, असू दे.”

काकांनी ते फडके उचलून घडी घातली.

“दिवसभर नुसता हलतो,” काकू हाताकडे पाहत म्हणाल्या, एखाद्या वाया गेलेल्या दिराबद्दल बोलावे तशा. “ना कामाचा, ना धामाचा. एक दिवस तरी त्याला काम लागू दे. आणि तुम्ही नाही म्हणालात तर तो दिग्दर्शक दुसऱ्या कुणाचा तरी हात आणेल. तिला नुसतंच हलवता येईल.”

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर काकांनी खिडकी झाकली. टेबल, जुना फोन, बाजूचा दिवा. काकू खुर्चीत बसल्या, हात पालथा ठेवला. अंगठा लगेच फिरू लागला. काकांनी तिकडे पाहणे टाळले आणि ते दिव्याशी झटापट करीत राहिले. सावली कधी फार काळी वाटे, कधी पुरेशी नाही.

“आवरा,” काकू म्हणाल्या. “नाहीतर भूमिका मुलीला जाईल.”

“झालंच.”

पण ते होत नव्हते. काकांनी दिवा हलवला, परत आणला, त्याच्यापुढे कागद लावला, काढला. सारे जुळून आल्यावरही ते आणखी थोडे झटत राहिले. वळून पाहिले तेव्हा काकूंची मान खुर्चीच्या पाठीला टेकली होती. त्यांना झोप लागली होती.

आणि हात स्थिर होता.

झोपेत ही थरथर थांबते, असे डॉक्टर म्हणाले होते. पण काका आजवर दिवा मालवूनच झोपत आले होते, त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. बोटे किंचित वाकलेली, अंगठा आपल्या जागी. कुलपात किल्ली घालून थांबलेला तो पूर्वीचा हात. त्यांनी आवाज न करता कॅमेरा सुरू केला आणि त्याच्यामागे उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांना काहीतरी घडण्याची वाट पाहायला लावली होती. आता काही घडू नये म्हणून ते श्वास धरून होते.

दिग्दर्शक आला तेव्हा काकांनी तयार केलेली श्रेयनामावली त्याला दाखवली. नावे अंधारातून येत होती, जात होती. मधे तो हात होता.

“काका, हलतच नाहीये.”

“बघ तर खरं.”

तो पाहत राहिला. हळूहळू खुर्चीच्या कडेला सरकला. शेवटचे नाव विरले, तरी त्याची नजर बोटांवरून हटली नव्हती.

“हे त्याहून भयंकर आहे,” तो हळूच म्हणाला. “आता हलेल, आता हलेल, असं वाटत राहतं. कधी हलतो?”

“हलत नाही.”

“कमाल केलीत, काका. काकूंना सांगा, याला म्हणतात अभिनय.”

“सांगतो,” काका म्हणाले.

तो गेल्यावर काकांनी चित्र पुन्हा पहिल्यापासून लावले. संगीत अजून भरायचे होते. मूक पडद्यावर दिव्याच्या उजेडात हात निवांत पडला होता. एवढ्यात बारीक, अखंड किणकिण ऐकू येऊ लागली. काकांचा हात सवयीने आवाजाच्या बटणाकडे गेला. बटण शून्यावरच होते.

स्वयंपाकघरातून त्यांच्यासाठी चहाची कपबशी येत होती. मदतीला उठण्यासाठी त्यांनी खुर्ची मागे सारली. पण “बसा हो, आणते मी,” असा आवाज आला, तसे ते बसले. पडद्यावरच्या हाताकडे पाहत, जवळ येणारी किणकिण ऐकत राहिले.