आडवा ठेवलेला स्टूल

मित्रांनो, मी एक जुना, बुटका लाकडी स्टूल आहे. घानाच्या किनाऱ्यावरच्या कोर्टात, ज्युरीच्या खोलीत माझा जन्म गेला. पंच सात आणि खुर्च्या सहा, म्हणून पहारेकऱ्याने मला घरून आणलं.

खरं सांगतो, न्यायाधीशांच्या खुर्चीवर मी कायम जळत आलो. तिला मखमल, तिला उंच पाठ. न्यायाधीश आले की सारं कोर्ट उठतं, आणि तिला वाटतं आपल्यासाठीच. तिला रोज फडकं. मला कोणी फुंकरही मारत नाही.

एकदा क्वामेना नावाच्या कोळ्याचा खटला आला. थोरल्या भावाला पायऱ्यांवरून ढकलून मारल्याचा आळ. सातही पंच ‘दोषी’ म्हणाले तर फाशी. परमुलखातून आलेल्या पोलिसाने साक्ष दिली होती: ओसरीत भावाचा स्टूल आडवा पडला होता, म्हणजे झटापट झाली.

सहा पंच ‘दोषी’ म्हणून मोकळे झाले. माझ्यावर बसलेल्या आराबा मावशीचं मत अजून बाकी होतं. ती बंदरावर मासे धुरावर सुकवायची.

“मावशी, उरका. तिकडे माशांचा कोळसा होईल,” प्रमुख पंच ओतू गुरुजी म्हणाले.

“माशांकडे बघायला सून आहे, गुरुजी. माणसाकडे बघायला आपणच.”

ती पाणी प्यायला उठली. उठताना सवयीने तिने मला आडवं केलं. रिकाम्या स्टुलावर भूतखेत बसू नये म्हणून आमच्याकडे सगळेच तसं करतात. रोजचंच, म्हणून कोणाला दिसलं नव्हतं. मावशी थबकली.

“गुरुजी, आत्ता इथे कोणाची झटापट झाली?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला. “कोणाचीच नाही.”

“मग त्याचा भाऊही असाच उठला असेल. स्वतःच्या हाताने स्टूल आडवा करून. पुढे पाय घसरला की कोणी ढकललं, मला नाही माहीत. तुम्हाला आहे?”

कोणालाच नव्हतं. सातही जण ‘निर्दोष’ म्हणाले.

बाहेर कोर्टात क्वामेनाच्या आईने गुडघे टेकले, ते त्या मखमली खुर्चीपुढे. मी आत आडवा पडून ऐकत होतो. जळलो, मित्रांनो. अजून जळतो.

आता खोलीत प्लास्टिकच्या सात खुर्च्या आहेत, आणि माझ्या डोक्यावर पाण्याचा माठ. मखमल नको मला. माठ तेवढा खाली ठेवा, आणि बसून उठलात की मला आडवं करा.

ती खुर्ची कधीच आडवी होत नाही. कोर्ट सुटल्यावर तिच्यावर कोण येऊन बसत असेल, देव जाणे.