तुपातले थेंब

बिबवेवाडीतल्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग लग्नाला लाजवील असा होता. आत दोनशे माणसं, ओळीने गाद्या आणि मधोमध उत्तरेश्वर महाराज. महाराज नाकात तुपाचे थेंब सोडत आणि चाळीस मिनिटांत वर्षानुवर्षांची उदासी पळून जात असे. आत्ताच सीताराम नावाचे गृहस्थ गादीवर डोळे मिटून ओरडले होते, "मी छताला टेकलोय! खाली माझंच शरीर दिसतंय!"

सभागृहात हुंदके फुटले.

"आत्मा मोकळा झाला," महाराजांनी निकाल दिला. "उदासी देहाला. आत्म्याला कसली आलीय?"

तिसऱ्या रांगेत कर्वेनगरच्या श्यामलाबाई नवरा आणि मुलीला घेऊन बसल्या होत्या. म्हणजे, नवरा त्यांना घेऊन बसला होता. सव्वीस वर्षांची ओवी आठ महिने उदासीने अंथरुणाला खिळल्यासारखी होती. दोन प्रकारच्या गोळ्या पुरेसे दिवस घेऊन झाल्या, गुण नव्हता. एकदा तिने आईला सरळ सांगितलं, "मला जगायचं नाहीये." तेव्हापासून श्यामलाबाई तिच्याच खोलीत झोपत, म्हणजे जाग्याच असत.

मनोविकारतज्ज्ञ डॉ. अपेक्षांनी नवा उपचार सुचवला होता. भुलीच्या औषधांपैकीच एक, अगदी थोड्या मात्रेत, दवाखान्यात, देखरेखीखाली. काही रुग्णांना तासाभरातही फरक जाणवतो. मंगळवारची वेळ ठरली होती. नवऱ्याने, गोपाळकृष्णरावांनी, ती परस्पर रद्द केली.

"भुलीचं औषध? पोरं त्याची नशा करतात!"

"आणि इथले थेंब?"

"ते तुपातले आहेत."

गृहस्थ बँकेतून निवृत्त. साधा मिक्सर घेताना दुकानदाराला तीनदा भंडावून आले होते. तुपाला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.

एवढ्यात दिग्विजय नावाच्या तरुण सेवकाने माईक घेतला. पुण्यात नियमांशिवाय चमत्काराला भाव नाही, हे महाराज ओळखून होते.

"सो भक्तहो, नियम पहिला. थेंबांआधी दोन तास पोटात अन्न नको. अन्नाने प्राण खाली ओढला जातो. नियम दुसरा..."

"थेंबांनंतर दोन तास कुणी उठायचं नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. आपण हे कुठे वाचलं, ते त्यांना एकदम आठवलं होतं.

"करेक्ट! काकू, तुम्ही आधी आला होतात?"

"नाही. पुढचं सांगू? बरोबर घरचं माणूस हवं. आज गाडी चालवायची नाही, रात्रीची झोप झाल्यावर उद्या."

"वॉव! महाराजांना हे ध्यानात मिळालं. तुम्हाला?"

"दवाखान्यात." श्यामलाबाईंनी पर्समधून डॉक्टरांनी दिलेला छापील कागद काढला. "यातला एकच नियम तुमच्याकडे गळलाय. रक्तदाब मोजायचा, आधी आणि चाळीस मिनिटांनी. हे औषध रक्तदाब चढवतं. यंत्र कुठाय?"

महाराज मंद हसले. "माई, देवाच्या दारी यंत्र कशाला?"

"तूप असेल तर नकोच. भुलीचं औषध असेल तर हवं. ती बाटली द्या, तपासून आणते."

"संशयी माणसाला थेंब लागू पडत नाहीत."

"रक्तदाब मात्र संशय न घेणाऱ्याचाही चढतो."

"श्यामला, खाली बस!" गोपाळकृष्णराव पुटपुटले. "लोक बघतायत."

"बघायलाच आलेत."

तेवढ्यात छताला टेकलेले सीताराम डोकं धरून कळवळले आणि भडाभडा ओकले. त्यांची बायको विमलाबाई किंचाळली, "अवो, यांना बीपीचा तरास हाय!"

महाराज धावत आले. "कुशीवर घ्या! घशात जाईल! सक्शन आण, ऑक्सिजन लाव!"

आत्म्याची भाषा संपून ऑपरेशन थिएटरची सुरू झाली होती.

श्यामलाबाईंनी रुग्णवाहिका बोलावली. सीताराम वाचले. पोलिसांना मागच्या खोलीत, हारांच्या करंड्याखाली, केटामीन या भुलीच्या औषधाच्या कुप्या सापडल्या. महाराज पूर्वाश्रमी एका खासगी रुग्णालयात थिएटरमधले मदतनीस होते. औषध तिथूनच ठाऊक झालेलं, नियमही तिथलेच. तूप फक्त त्यांचं स्वतःचं. आत्मा तरंगणं हाही त्याच औषधाचा परिणाम. दवाखान्यात त्याची नोंद करतात, इथे आरती केली.

"पण काहींना खरंच बरं वाटलं," घरी गोपाळकृष्णराव म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलं."

"कारण औषध खरं होतं, बाबा." ओवी बोलली. दिवसभरातलं तिचं हे पहिलंच वाक्य. "मंगळवारची वेळ मला परत हवीय."

"अगं, पण भुलीचं..."

"आज तेच मोजमाप न करता माझ्या नाकात घालायला निघाला होतात. तुम्ही याल तर या. मी जाणार."

फोन तिनेच लावला.

मंगळवारी तिने डॉ. अपेक्षांना तीन प्रश्न विचारले. यात काय आहे? किती देणार? बिघडलं तर काय करणार? हे प्रश्न कुणालाही विचारता येतात. त्यांना पदवी लागत नाही. जो चिडेल, त्याच्यासमोरून उठून चालू लागावं, मग तो भगव्यात असो की पांढऱ्या कोटात.

डॉक्टर चिडल्या नाहीत. सगळं सांगितलं.

"आणि मला गुण येईल?" ओवीने विचारलं.

"बऱ्याच जणांना येतो, सगळ्यांना नाही. आला तरी पुढचे उपचार चालू ठेवावे लागतात. तुझं आज सांगता येणार नाही. नाहीच आला, तर पुढे काय करायचं ते मात्र ठरलेलं आहे."

आठ महिन्यांत तिला नक्की बरं करण्याचं वचन अकरा जणांनी दिलं होतं. माहीत नाही म्हणणारं माणूस हे पहिलंच. ओवीने रक्तदाब मोजायला बाही वर सारली.

"करा सुरू," ती म्हणाली.