सध्या म्हणजे सध्या

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी जॅझचं वेड असलेली पाच-सात माणसं जमत. खोलीत फ्रेमचे खोके, डोळे तपासायची एक जुनी खुर्ची आणि रेकॉर्ड प्लेअर. खुर्ची जो आधी येईल त्याची. नियम मात्र सगळ्यांना सारखा: सध्या घरी खरोखर जो अल्बम ऐकताय तोच सांगायचा आणि त्यातला एक तुकडा सगळ्यांना ऐकवायचा. उगीच नावं फेकायला बंदी. दुकानाचे मालक चष्मेवाले या बाबतीत फार कडक. दाताच्या डॉक्टरांनी एकदा एका दुर्मीळ रेकॉर्डचं तोंड भरून कौतुक केलं, तेव्हा तिच्यावरचं प्लास्टिक अजून फाडलेलंसुद्धा नाही, हे चष्मेवाल्यांनी चारचौघांत दाखवून दिलं होतं.

त्या खोलीत सगळ्यात तयार कान होता बाईंचा. त्या शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्याच बाई. सॅक्सोफोनवाला कुठे मनापासून वाजवतोय आणि कुठे नुसती वेळ मारून नेतोय, हे त्या डोळे मिटून सांगत. आणि नेमके त्यांचेच दोन्ही कान एका तापात गेले. ऑपरेशन करून एका कानात यंत्र बसवलं. बोलणं हळूहळू कळू लागलं, वर्गही पुन्हा सुरू झाला. पण पहिल्यांदा रेकॉर्ड लावली तेव्हा जे ऐकू आलं, त्यानं बाईंना रडूच कोसळलं. पियानो नाही, ट्रम्पेट नाही, नुसता खडखडाट.

तरी पुढच्या शनिवारी त्या हजर. मग त्यांची पाळी आली.

"सध्या काहीच नाही," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांचा जीव कळवळला. "बाई, अहो, जुना एखादा सांगा की. तुम्हाला सगळे तोंडपाठ आहेत."

"पाठ आहेत. पण नियम तुमचाच आहे. सध्या म्हणजे सध्या."

त्यानंतर कितीतरी शनिवार त्या आल्या, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आपल्या पाळीला ताठ मानेनं "काही नाही" म्हणाल्या. कुणी कीव केलेली त्यांना खपत नव्हती, आणि खोटं तर त्याहून नाही.

घरी बाई आणि त्यांची थोरली नणंद, दोघीच. वन्संचा शिवणकामाचा धंदा. संगीताशी त्यांचा संबंध मशीनच्या खडखडाटापुरता. बाईंनी जेव्हा सांगितलं, की आता जॅझ लावलं की जिन्यावरून भांडी गडगडत आल्यासारखं वाटतं, तेव्हा वन्सं सुई दातात धरून म्हणाल्या, "मला तर तुझं ते जॅझ पहिल्यापासून तसंच ऐकू येतं, वहिनी."

बाई आधी चिडल्या, मग कितीतरी दिवसांनी पोट धरून हसल्या. आणि हसता हसता त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली. ज्याला काहीच कळत नाही, त्याच्याबरोबरच पहिलीपासून सुरुवात करावी.

त्यांनी कपाटातून एक कधी फारसा न लावलेला अल्बम काढला. त्यात दोनच माणसं: एक डबल बेस, म्हणजे माणसाएवढं उंच, जाड्या आवाजाचं तंतुवाद्य वाजवणारा, दुसरा ड्रमवर. गर्दी नाही. रोज संध्याकाळी दोघी प्लेअरसमोर बसू लागल्या. काय चाललंय ते वन्संनी सांगायचं आणि ते आपल्याला सापडतंय का, हे बाईंनी बघायचं. वन्संना वाद्यांची नावं ठाऊक नव्हती, त्यांनी स्वतःचीच ठेवली. बेस म्हणजे जाडा. ड्रमवर तारांचे ब्रश फिरू लागले की झाडूवाला.

"आता जाडा गप्प झाला बघ. झाडूवाला एकटाच घर झाडतोय... आला, आला परत जाडा! दबकत आला."

बाईंना यातलं कधी थोडं मिळे, कधी काहीच नाही. एका संध्याकाळी त्यांनी प्लेअरची सुई उचलली, अल्बम कव्हरात घातला आणि म्हणाल्या, "पुरे झालं, वन्सं. तुमचाही वेळ जातो." वन्सं उठून मशीनवर जाऊन बसल्या.

पुढे बरेच दिवस प्लेअरला कुणी हात लावताना बाईंना दिसलं नाही. मग एकदा शाळा लवकर सुटली. दार उघडून बाई चपला काढतात, तोच आतून काहीतरी ऐकू आलं. सळसळ. थांबली. पुन्हा सळसळ, आणि तिच्याखालून कुणीतरी पाय न वाजवता चालल्यासारखं. कुणी सांगितलं नव्हतं, समोर कव्हरही नव्हतं. एका पायात चप्पल तशीच ठेवून बाई आतल्या दारात गेल्या.

"वन्सं, हा झाडूवाला ना? आणि मागून जाडा?"

वन्सं कापड कापत होत्या. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "मी आपली सहज लावते दुपारची. सवय लागली मेली." मग बाई काय म्हणाल्या ते त्यांच्या ध्यानात आलं आणि कात्री हातातून सुटली. "अगं, तुला मी सांगितलं कुठे? तू ओळखलंस!"

त्या शनिवारी दोघी गेल्या. डोळे तपासायची खुर्ची दाताच्या डॉक्टरांनी वन्संना दिली. बाईंची पाळी आली. त्यांनी पिशवीतून अल्बम काढून टेबलावर ठेवला.

"सध्या मी हा ऐकतेय."

कुणी टाळी वाजवायला गेलं, बाईंनी हातानंच थांबवलं. "आधी ऐका. सूर मला अजून नीट कळत नाहीत, ते मागू नका. मला मिळतं तेवढंच सांगते."

सुई टेकली आणि बाई सांगत गेल्या: बेसवाला कुठे मुद्दाम मागे रेंगाळतो, ड्रमवाला त्याच्यासाठी कसा थांबतो, कुठे दोघं एकदम पळत सुटतात. पुढचा तुकडा सुरू झाला. "हा फार उदास आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टर चुळबुळले. "बाई, रागावू नका, पण ही चाल तशी आनंदी आहे."

"असेल. मला उदास वाटली." बाईंचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"मलाही उदासच वाटते," खुर्चीतून वन्सं म्हणाल्या, "आणि माझे तर दोन्ही कान शाबूत आहेत."

सगळे खो-खो हसले. डॉक्टरांनी तुकडा पुन्हा लावायला लावला, मान खाली घालून ऐकला आणि म्हणाले, "चाल आनंदी आहे, पण बेस वाजवणारा उदास आहे. बाई, हा अल्बम मला आठवडाभर देता?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी ऐकतेय सध्या. तुम्ही विकत घ्या."

चष्मेवाल्यांनी वन्संना विचारलं, "आणि ताई, तुम्ही काय ऐकता?"

"हाच की. वहिनीच्याही आधीपासून," वन्सं रुबाबात म्हणाल्या, आणि बाईंनी ते खोडून काढलं नाही.

घरी जाताना रस्ताभर दोघींचा वाद चालला. वन्संना आता पिपाणीवाल्यांपैकी, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांपैकी, एखादा हवा होता. बाई म्हणत होत्या, आधी पियानो, तोसुद्धा एकटा. अल्बम बाईंनी पिशवीत घातलाच नव्हता. काखेत, कव्हर बाहेरच्या बाजूला करून धरला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यानं खुशाल वाचावं.