परगावची पुस्तके

"वाचकापुढे पंधरा अंशांत वाकायचं म्हणे! माझ्या कमरेनं आपला अंश कधीच ठरवून टाकलाय," कामेओकाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मी हसू गिळून समोर बघत राहिले. सोमवार, ग्रंथालयाला सुट्टी, आणि देवघेव विभागातल्या आम्ही तिघी कौशल्यवाढीच्या प्रशिक्षणाला बसलेल्या. शिकवायला आलेली सेरिझावा माझ्या लेकीच्या वयाची, कोटावर कुठल्याशा कंपनीचा बिल्ला. कुठली कंपनी, ती का आली, हे कोणी विचारले नव्हते. आमच्याकडे असले विचारत नाहीत. छपरावरचा बर्फ धपकन कोसळला की ती एकटीच दचकायची.

आमचे करार एका वर्षाचे, मार्चअखेर संपणारे. जानेवारीत विभागप्रमुख मोरीवाकीसाहेब नवे कागद वाटतात, आम्ही त्यावर सहीऐवजी आपापल्या नावाचे शिक्के उमटवतो, की झाले. यंदा फेब्रुवारी सरत आला तरी कागद नाहीत. त्याऐवजी तिघींच्या हाती एकेक तक्ता आला. 'फक्त आपल्यालाच येणारी कामे सविस्तर लिहा.'

मी पाच ओळी लिहिल्या. कामेओकाबाईंनी तीन, त्यातली एक फुलदाणीतले पाणी बदलण्याविषयी. कुसाकाबेबाईंनी चव्वेचाळीस पाने लिहिली.

वाचकाला हवे ते पुस्तक आपल्याकडे नसले की ते दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून मागवायचे आणि मुदतीत सुखरूप परत धाडायचे, हे काम कुसाकाबेबाई बावीस वर्षे करत होत्या. कुठल्या ग्रंथालयाला वेष्टनावर चिकटपट्टी खपत नाही, कुठे फोन दुपारच्या आत केला तरच म्हातारे ग्रंथपाल उचलतात, बेटावरचे पुस्तक असेल तर वाऱ्यापायी बोट अडकते म्हणून आठवडा जास्तीचा मागून ठेवायचा, सगळे त्या पानांत होते. रोजच्या वाचकांतल्या नोगुची आजोबांना मुदतीची तारीख जाड पेनाने लिहून द्यायची, हेसुद्धा.

आणि अफवा अशी होती, की परगावच्या पुस्तकांचे टेबल एप्रिलपासून बाहेरच्या कंपनीकडे जाणार. कुसाकाबेबाई छप्पन्न वर्षांच्या. घरी अंथरुणाला खिळलेली थोरली बहीण, आणि दोघींना मिळून हा एक पगार.

जेवणाच्या सुट्टीत त्या गरम पाणी आणायला गेल्या, तशा कामेओकाबाई माझ्याकडे सरकल्या.

"कुणीतरी सांगा गं तिला. सगळंच लिहून दिलं, तर उद्या तिला ठेवतील कशाला?"

"तुम्ही सांगा. तुम्ही मोठ्या."

"मी जेवतेय."

"मग जेवून सांगा."

"जेवल्यावर मला झोप येते," त्या म्हणाल्या आणि मुळ्याचे लोणचे चावू लागल्या.

आम्हा दोघींचे पुढे काय, हे मात्र आम्ही एकमेकींनाही विचारत नव्हतो. साध्या देवघेवीला माणसे लागणारच, असे मी रोज अंघोळ करताना स्वतःला सांगत असे.

"काय खुसपुस चाललीय?" कुसाकाबेबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"लोणचं खारट झालंय, म्हणत होतो," मी म्हणाले.

त्यांनी एक फोड उचलून तोंडात टाकली. "छान आहे की," म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

दुपारी सराव होता. सेरिझावाने वाचक व्हायचे, आम्ही टेबलामागे बसायचे. मोरीवाकीसाहेब मागे स्टोव्हपाशी उभे राहून तळहात शेकत होते. कामेओकाबाई 'पुस्तक हरवले' या प्रसंगातून कशाबशा सुटल्या. मग कुसाकाबेबाई बसल्या.

सेरिझावा हातातल्या कार्डावरचे वाचू लागली. "मी मागवलेलं पुस्तक आलं का?"

"आलंय. बेटावरनं आलंय, म्हणून मुदत जास्तीची घेतलीय. सात एप्रिल."

"अरे वा. परत करायला येईन तेव्हा तुम्हीच असाल ना? मला तुमचीच सवय—"

कार्डावर तसेच छापलेले असणार. वाचता वाचता तिच्याच ध्यानात आले आणि ती थांबली. तिचे कान लाल झाले.

"पुढचा प्रसंग घेऊ या," मोरीवाकीसाहेब खाकरले.

"वाचकानं विचारलंय, साहेब," कुसाकाबेबाई मागे न बघता म्हणाल्या. "उत्तर द्यायला नको?"

कामेओकाबाईंनी टेबलाखाली माझे मनगट धरले. त्यांची बोटे थंडगार होती.

कुसाकाबेबाईंनी सेरिझावाकडे पाहिले. वाचकाशी बोलताना त्यांचा असतो तोच आवाज, मऊ आणि स्पष्ट.

"पुस्तक सेरिझावाताईंकडे द्या. त्या नीट परत पाठवतील. एकतीस मार्चनंतर आम्हा तिघींपैकी इथं कुणीच नसेल."